दुसरा हात

अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना, शेड नंबर तीन.
बाहेर एप्रिल, त्रेचाळीस.
आत पत्र्याखाली मी घोड्यावर उभा,
हातात चार इंची ब्रश, डब्यात बदामी.

सोमवारी परदेशातलं गिऱ्हाईक येणार होतं.
कोनापुरे सुपरवायझर खालून म्हणाला,
"बोद्दुल, भिंत एकसारखी दिसली पाहिजे बघ.
ती लाल वायर डोळ्याला टोचते.
घे की तिच्यावरून पण."

घेतला.
वायर गुळगुळीत, रंग धरेना.
पहिल्या हातात गुलाबी दिसत राहिली,
चोखून टाकलेल्या गोळीसारखी.
दुसऱ्या हातात गेली.
तिच्या अंगावर बारीक इंग्रजी अक्षरं होती.
मला वाचता येत नाहीत,
पण कुणीतरी वाचावं म्हणूनच छापली असणार
एवढं कळत होतं.
तेवढंही ब्रशखाली गेलं.

छताला एक पांढरी उपडी वाटी होती.
तिला धुराचं नाक असतं म्हणे,
म्हणून रंगाआधी तिच्यावर कागद चिकटवला.
नंतर काढला.
बहुतेक काढला.
रात्री दोनला जाग आली की पुन्हा घोड्यावर चढतो,
वर बघतो.
काढला.

आजोबा साखर पेठेत सूत रंगवायचे.
कोपरापर्यंत लाल हात, कालवलेला भातसुद्धा लाल.
म्हणायचे, रंग मुरावा लागतो रे,
धाग्याच्या पोटात जाऊन बसावा लागतो.
मी त्यांच्याच घरचा, रंगाचाच माणूस,
पण माझा रंग वरच्या वर राहतो.
ओल झाकायची, खिळ्यांची भोकं झाकायची,
पोरापोरींनी कोरलेली नावं झाकायची.
झाकण्याचेच पैसे मिळतात,
स्क्वेअर फुटावर.

जूनमध्ये ताजोद्दीन पंखा बसवायला शिडीवर चढला.
भिंतीवर चार वायरी, चारही बदामी.
जी जुनी वाटली, मेलेली वाटली, ती त्याने कापली.
त्याला काय बोलणार?
ऑफिसातल्या पेटीवर पिवळा दिवा लागला,
तो किती दिवस लागून होता कुणास ठाऊक,
त्याच्यावर कॅलेंडर टांगलेलं होतं.

आग लागली ती कापसाच्या फुलकीला,
शिलाईच्या टेबलामागे, दुसऱ्या पाळीत.
भोंगा गप्प.
पद्मिनी चिट्यालला वास आला,
तिने हातातला टॉवेल तसाच सुईखाली सोडला
आणि ओरडली, "निप्पू! निप्पू!"
तेलुगू न येणाऱ्यांनाही तो शब्द कळला.
अकरा बाया बाहेर आल्या,
एकीची चप्पल आत राहिली, दीड गठ्ठा माल जळला.
एवढंच झालं.
एवढंच, असं कोनापुरे सगळ्यांना सांगत होता.

मग तपासणीचे साहेब आले. वायरवर बोट फिरवून म्हणाले,
"रंगाने आतलं तांबं बिघडत नाही."
सगळ्यांनी सुटल्यासारखं माझ्याकडे बघितलं,
मीही माझ्याकडे बघितलं.
साहेबांचं बोट अजून वायरवरच होतं.
"पण ही कोण आहे, ते कळत नाही," म्हणाले.

नवी वायर येईपर्यंत आहे तीच जोडून ठेवली.
मी पुन्हा घोडा लावला.
टर्पेंटाइनची बाटली उघडली, तर साहेबांनी हात धरला,
"ते नको, वरचं कातडं खाईल."
म्हणून नखाने.
दोन दिवस, विनामजुरी, कुणी सांगितलं नव्हतं.
आधी गुलाबी दिसली, मग एकेक अक्षर,
मग लाल, कोपऱ्यापासून दारापर्यंत, थोडी ओरखडलेली.
पद्मिनी खालून म्हणाली,
"अन्ना, त्या क्लिपपाशी राहिलं की."

घरी येऊन जेवायला बसलो.
ताटात भात.
हात तीनदा धुतले होते.
नखांत आजोबांचं लाल असेल वाटलं होतं,
बदामीच होती.