शाई गोठते म्हणून पेन्सिल

तार्तूत, एमायोगीच्या काठी, होड्यांच्या शेडमध्ये
खिळ्याला एक वही टांगलेली आहे.
सुतळीला पेन्सिल. पेन नाही,
कारण जानेवारीत शाई गोठते
आणि माणूस नुसताच खरडत राहतो कागदावर,
उमटत काहीच नाही.

आम्ही इथून धावायला निघतो, इथेच परत येतो,
आणि हातमोजा दातांत धरून लिहितो.
आधी अंतर. मग जे काय असेल ते.

"आठ. पुलापर्यंत वारा तोंडावर.
मुलाने आज दात स्वतःच उपटला."
ही मारिका. शाळेत भूगोल शिकवते,
अक्षर उताराला लागल्यासारखे.

"पाच. पोटरीत गोळा. बटाटे उकडायला ठेवून आलोय, पळतो."
हा टार्मो. त्याचे बटाटे नेहमीच उकडत असतात.
तीन वर्षांत मी त्याचा चेहरा
दहाएक वेळा पाहिला असेल, तोही टोपीतून उरलेला;
पण त्याचा बॉयलर कधी बिघडला,
मेहुणा कधी रुसला, उजव्या बुटाचा तळ कधी सुटला,
सगळे तारीखवार ठाऊक आहे.

मी रात्रपाळीची, पावाच्या कारखान्यात.
"सहा. अंगाला अजून राईच्या पिठाचा वास.
कुत्रा मागे लागला, म्हणून शेवटचा किलोमीटर चांगला गेला."
खाली कुणीतरी लिहिले: आभार मानलेस का त्याचे?

आणि काल्यू.
एकाहत्तर वर्षांचा, रेल्वेत सिग्नल सांभाळलेला,
त्याचे आकडे दशांशासकट: ९.४, ९.४, ९.४.
पुढे तापमान. दुसरे काही नाही.
एकदाच फक्त:
"९.४. उणे अकरा. हेल्वीने विचारले, आज कोण जिंकले."
ती रोज हेच विचारते म्हणे, एकट्याने धावून आलेल्या नवऱ्याला,
आणि तो रोज सांगतो: नदी.
गोठलेली असली तरी.

ऑक्टोबरच्या शेवटी त्याने लिहिले, "०."
मग, "०. उणे दोन. दवाखाना."
"०. लिफ्ट बंद, चार मजले."
"०. हेल्वीने अर्धी वाटी सूप घेतले."

शून्य लिहायला कुणी येते का कुठे?
दीड किलोमीटर चालत, अंधारात?
तो यायचा.
जाऊन-येऊन तीन भरतात, पण ते तो मांडत नसे.
चालणे म्हणजे धावणे नव्हे, असे त्याचे म्हणणे.

सांत्वन आमच्यात कुणालाच धड जमत नाही.
मारिकाने त्याच्या शून्याशेजारी
मजले गुणिले पायऱ्या असा हिशेब मांडला,
जाऊन-येऊन ०.०५ असे उत्तर काढले
आणि दोनदा अधोरेखित केले.
टार्मोने लिहिले: "सात. बटाटे जास्त झालेत. डबा खिळ्याखाली आहे."
मी पेन्सिलीला टोक काढले. तेवढेच सुचले.

डिसेंबरात शून्येही थांबली.
डबा तेवढा कुणीतरी नेला होता.
मग आम्हीही हळूहळू कमी लिहू लागलो,
नुसतेच आकडे, परक्यांसारखे.
मारिकाच्या मुलाचे किती दात पडले, कळले नाही.

फेब्रुवारीत रात्रपाळी संपवून आले,
तर शेडच्या दाराशी बर्फात खुणा:
बुटांची एक ओळ,
आणि तिला खेटून काठीची भोके,
मध्येमध्ये घासत गेलेला पाय.

वहीत त्याचे सिग्नलवाले अक्षर:
"०.३. उणे सात. दोघे."
खाली दुसरे, कापरे, मोठे,
ओळ सोडून वर चढलेले:
"आज मी जिंकले."

मी हातमोजा दातांत धरला
आणि आपण किती धावलो तेच आठवेना.
"पाच," लिहिले. "बहुतेक."
खिळ्याखाली टार्मोचा डबा होता,
घासून, पुसून, झाकण उलटे लावून ठेवलेला.