सूई जा

लग्न होऊन सांगलीहून बडोद्याला आले तेव्हा
समोरच्या तरुलताबेन दारात येऊन म्हणाल्या,
थाकी गई हशे. सूई जा.
मला वाटलं, सुई मागतायत.
मी ट्रंकेतून शिवणाचा डबा काढून हातात दिला
आणि त्या हसत हसत जिन्यातच बसल्या.

त्याला एकवीस वर्षं झाली.
त्यातली नऊ मी प्यायले.

ज्या शहरात दारूचं दुकान नाही
तिथे पिणं ही दुसरी नोकरीच असते.
कुणाला फोन, कुठली गल्ली, किती वाजता,
पिशवीत वर मेथीची जुडी,
भरलेली तांदळाच्या डब्यात,
आणि रिकामी कुठे टाकायची
याचा विचार रात्री दोनपर्यंत.
वेलची. ओवा. पुन्हा वेलची.
श्रीधर विचारायचा, वास कसला येतोय?
मी म्हणायचे, खीर केली होती, संपली.

एवढं सगळं उरकून सकाळी साडेदहाला
रावपुऱ्यातल्या बँकेत काउंटरवर
लोकांचे पैसे बरोबर मोजून देत होते.
तेव्हा नाही थकले.

आज एकशे सोळावा दिवस
आणि कुकरचं झाकण लावताना
मला खाली बसावं लागतं.

डॉक्टर म्हणाले, होतं असं, वेळ लागेल.
मला ते माझ्या भाषेत कळलं:
संध्याकाळी रोकड कमी भरली
तर कॅशियरने स्वतःच्या पर्समधून घालायची असते.
नऊ वर्षांची तूट आहे.
मी चिल्लर भरतेय, झोपेची.

अवघड वेळ सहाची.
खंडेराव मार्केटपाशी स्कूटर
आपणहून डावीकडे वळायला बघते.
थकवा अगदी माझ्याच आवाजात बोलतो,
किती उभी होतीस गं दिवसभर.
तहान आणि थकवा, जुळ्या बहिणी;
लांबून मला अजून वेगळ्या ओळखता येत नाहीत.
म्हणून मी लारीपाशी थांबते,
उभ्या उभ्या एक केळं खाते.
केळं खाऊन जी निघून जाते ती थकवा नव्हती,
तहानही नव्हती, नुसती भूक होती,
म्हणजे बहिणी तीन आहेत.

गुरुवारच्या बैठकीत आम्ही नऊजण,
त्यात बाई मी एकटी.
स्वतःची काळजी घ्या, तिथे सांगतात.
पहिल्या दिवशी मला वाटलं, ही श्रीमंतांची कामं.
आता नखं वेळेवर कापते.
यंदा हळदीकुंकवाला गेले नाही,
नावं ठेवली असतील, ठेवू देत.
रविवारी मांडवीतले दुकानदार
भर दुपारी शटर अर्धं ओढून
गादीवर आडवे होतात,
त्यांच्याकडे बघून शिकतेय
की बंद असणं म्हणजे बुडणं नाही.

तरुलताबेन आता गुडघे धरून चालतात.
त्यांना सगळं ठाऊक होतं, नऊच्या नऊ वर्षं.
मेथीची जुडी किती जड असते
हे बाईला कळतंच.
एक शब्द बोलल्या नाहीत. कधी कधी वाटतं,
बोलायला हवं होतं. कधी वाटतं, बरं झालं.

काल कढीचं पातेलं घेऊन आल्या
तर मी ओट्याखाली, भिंतीला टेकून,
हातात कुकरची शिट्टी.
बघितलं, पातेलं ठेवलं,
शिट्टी घेऊन झाकणावर बसवली,
आणि म्हणाल्या तेच, एकवीस वर्षांपूर्वीचं.
मी म्हटलं, डाळ लागेल, तीन शिट्ट्या मोजायच्यात.
हुं गणीश, त्या म्हणाल्या. मी मोजते.

मोजायचं काम
आजवर कुणी माझ्या हातातून घेतलं नव्हतं.
मी तिथेच, फरशीवर, पदराची उशी करून आडवी झाले.

पहिली ऐकली.
दुसरी लांबून आली, नागरवाड्याच्या पलीकडून वगैरे.
तिसरी त्यांनी ऐकली असणार.