स्वल्पविराम

माल्विना आली तेव्हा क्लाक्सव्हीकच्या बंदरावर धुकं होतं
आणि तिच्या हातात अकरा पानं, पाठपोट लिहिलेली,
समासातसुद्धा.
"युस्तिनुसबद्दल आहे. पेपरात घाल."

पेपरात ऐंशी शब्द बसतात.
मी लाल पेन काढलं.
तो कॉफीत चिमूटभर मीठ टाकायचा. गेलं.
बोटीच्या कुरकुरत्या इंजिनाला सासूबाई म्हणायचा. गेलं.
एकाहत्तरच्या हिवाळ्यात तिला न विचारता
त्यानं घर पिवळं रंगवलं
आणि ती चार दिवस बोलली नाही,
यावर दीड पान होतं.
उरलं ते: जन्म, बोट, चर्च, मागे कोण.

मग विम्याचा अर्ज.
तिथं कर्मणी प्रयोग लागतो.
'त्यानं दोर सोडला, माझ्याकडे बघून हसला'
याचं मी केलं:
'सकाळी सहा दहाला प्रस्थान करण्यात आले.'
घरातला कर्ता गेला, तसा वाक्यातलाही.
हसण्यासाठी रकाना नव्हता.

रेडिओला वीस सेकंद.
घड्याळ लावून मोठ्यानं वाचलं,
श्वास पुरेना,
तेव्हा त्याच्या आईचं नाव काढलं.

दर वेळी माल्विना आभार मानून गेली.
पानं परत मागितली नाहीत.
ती माझ्या खणात, बिस्किटांच्या डब्यात.
कबूल करतो, एका रात्री मीही
कॉफीत मीठ टाकून बघितलं.
वाईट नाही लागत.

शेवटी दगड.
कोरणारा हाल्दान अक्षरामागे पैसे घेतो,
म्हणून फक्त नाव आणि दोन सालं.
हाताला सवय, पुढे पूर्णविराम दिला.
माल्विना कागदाकडे बघत राहिली.
एवढ्या काटछाटीत हूं की चूं केलं नव्हतं तिनं.
"हा ठिपका माझा नाही," म्हणाली.

डबा उघडला. खरंच.
अकराव्या पानाच्या तळाशी
युस्तिनुस, आणि स्वल्पविराम.
पुढे कागद संपला,
की दारावर कोणी आलं,
की चुलीवर बटाटे करपायला लागले,
कुणास ठाऊक.
मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

हाल्दानकडे गेलो. म्हटलं,
नावापुढे एवढंसं चिन्ह हवंय, सालं त्याच्या आधी घे.
किती होतील?
त्यानं छिन्नी पँटला पुसली,
कागद उजेडात धरला.
"त्याचे काय घ्यायचे," म्हणाला.