चिंधी

रात्री साडेअकराला अक्कलकोट रोडवरून फोन :
चिलकाशेठच्या सहा मागांवर मोर उलटे उतरतायत,
पिसारा खाली, पाय वर,
आणि सकाळी गाडी भरायची आहे.

मी लॅपटॉप उघडते. पंखा गरम हवाच फिरवतो.
नवं सॉफ्टवेअर कालच चढवलंय. मीच.
आता मागं जायला हवं.
किती मागं?

टॅगांची यादी मागवते. एकशे चौदा.
अक्षरांच्या रांगेत उभे, आकड्यांच्या नव्हे,
म्हणून १.१० पुढं आणि १.९ त्याच्या पाठीशी,
थोरला धाकट्यामागं लपावा तसा.
त्यात श्रीहरी मेरगूचे खूप. तो गेला पुण्याला,
जाताना विसरला एक स्टीलचा डबा आणि हे :
फायनल, फायनल-दोन, फायनल-खरंच,
हात-लावू-नका,
गड्ड्याआधी.
कुठल्या वर्षीचा गड्डा, बाबा?

तारखेनं लावून बघते. तारखाही सरळ नाहीत.
काही टॅग काम झाल्यावर महिन्यानं मारलेले,
काहींच्या पोटात मजकूर : कुणी, कधी, कशापायी,
बाकीची नुसती नावं.
सर्वांत वर १.१२-जवळजवळ.
जवळजवळवर माग चालत नाही.

"एमैंदी?" खाटेवरून वडील.
सांगते. त्यांना टॅग कळत नाही, मोर कळतो.
चाळीस वर्षं जकार्डचे पत्ते टोचले त्यांनी,
सुतळीत ओवून खुंट्यांना टांगले.
म्हणतात, आम्ही नंबर घालायचोच,
पण नंबर कोणीही घालतो.
पहिली चादर नीट उतरली की तिच्याच टोकाची
चिंधी फाडून गठ्ठ्याला बांधायची.
चिंधी नाही तो गठ्ठा मागावर चढवायचा नाही,
मालक ओरडला तरी.

मग कूस वळतात. झोप लागतेही लगेच.

मी पुन्हा यादीत. आता नावं वाचत नाही,
पोटं उघडत जाते एकेकाची.
रिकामं. रिकामं. "बघू."
रिकामं.
१.९.४ : "शेठकडं दोनशे चादरी निघाल्या. तक्रार नाही.
काठाला चाळिसाव्या फेरीत धागा सरकतो, माहीत आहे."

यात माझं दोन महिन्यांचं काम नाही.
तो सरकणारा धागाही मीच दुरुस्त केला होता नंतर.
बोट एंटरवर थोडा वेळ तसंच.
मग दाबते. यंत्र बजावतं :
तुम्ही आता कुठल्याच फांदीवर नाही.
ठाऊक आहे रे.

एक चाळीसला मल्लेशम जॉबरचा व्हिडिओ.
खडखडाटात तो काय ओरडतोय कळत नाही,
पण मोर पायांवर उभा आहे.

नवा टॅग मारते. नाव सुचत नाही, नुसता आकडा देते,
आणि पोटात लिहिते :
चिलका, माग सहा. मोर सरळ.
काठ बघत राहा.