करंजी

कंपनीनं तिला भारदस्त नाव दिलं होतं.
सावद्याच्या स्टँडवर आम्ही करंजीच म्हणायचो,
कारण कानाला ती काठावर उभी धरावी लागायची,
बोलणारा जणू फराळाशी गुजगोष्टी करतोय.

फोन म्हणून हसं, खेळ म्हणून महाग.
गेम बदलायचा तर मागचं झाकण काढा,
बॅटरी काढा, कार्ड सरकवा, परत सगळं बसवा,
तोवर खेळणारा घरी जाऊन जेवून यायचा.

मी चाळीस मागवल्या.
एक केळीच्या ट्रकवाल्या सरदारजीनं नेली,
एक मेहुण्याला आहेरात दिली.
मेहुणा अजून बोलत नाही.

मग कंपनीनंच हात वर केले.
जिथं जगभरची पोरं एकमेकांशी शर्यत लावायची
तो आखाडा एका तारखेला बंद.
पडद्यावर एकच ओळ: जोडणी होऊ शकत नाही.
इतकं सरळ आमच्याकडे कोणी सांगत नाही.
आमच्याकडे म्हणतात, पाहू, सोमवारी ये.

अडतीस करंज्या केळीच्या खोक्यात,
माळ्यावर, पत्र्याखाली,
अठरा मे महिने.
भरताचं वांगंही एवढं भाजत नाही.

परवा पालची एक मुलगी आली,
समीना तडवी, फैजपूरला इंजिनिअरिंगला,
आणि तिनं खरं नाव घेतलं.
त्याचा उच्चार असा असतो
हे मला तेव्हा कळलं.

बॅटऱ्या तळणातल्या पुऱ्यांसारख्या फुगलेल्या,
बटणांचं रबर गुळासारखं चिकट.
तिघींची हाडं घेऊन एक उभी राहिली.
पण एकटी करंजी कोणाशी खेळणार?

माझ्या झेरॉक्सच्या कॉम्प्युटरवर
तिनं नवा आखाडा मांडला.
म्हणाली, फोन अजून जुन्याच दारावर जाऊन विचारतो.
तो काय विचारतो ते ऐकायचं,
आणि त्याला हवं तेच उत्तर द्यायचं.
मी म्हटलं, सून नांदते तसं.
ती हसली नाही.

शेजारचा खतवाला सुपडू भोळे डोकावला.
"म्हंजे पिलबागच झाली गा मुरलीधर,
खोड कापलं, बाजूनं पिल आलं."
मी म्हटलं, नाही.
पिलबागेला व्यापारी येतो, भाव फुटतो, काटा लागतो.
हिला कोण येणार?

आला एक.
रविवारी रात्री, शटर अर्धं ओढलेलं,
यादीत माझ्या नावाखाली दुसरं नाव उमटलं.
अक्षरांच्या डोक्यावर ठिपके होते, मला वाचता येईना.
समीनालाही नाही. तिनं नुसता माझा दंड धरला.
पडद्यावर तीन आले, दोन आले,

आणि लाईट गेली.

इन्व्हर्टर मी मागेच विकला होता.
पंचवीस मिनिटं.
स्टँडवरची शेवटची रावेर गाडी गेली,
डासांनी आम्हाला वाटून घेतलं,
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
माळ्यावरच्या सदतीस आठवत होत्या मला,
आणि मेहुण्याचा चेहरा.

लाईट आली. कॉम्प्युटर दम्याच्या म्हाताऱ्यासारखा उठला.
रेषेवर हिरवी गाडी उभी होती.
एकटी, धूर सोडत.
मधल्या वेळात तो कोण जाणे कितीदा
बंद दार वाजवून गेला असेल.

तेवढ्यात शटरखालून एक डोकं आत आलं,
काका, ग्लास फुटलाय, लावून देता?
थांब म्हटलं,
इकडे एक माणूस केव्हाचा थांबलाय.

आणि पहिल्याच वळणावर
मी गाडी भिंतीत घातली.