एक नाम, एक क्रियापद

फोंड्याला, पतपेढीच्या वरच्या मजल्यावर,
दर दुसऱ्या शनिवारी भरते आमची शाखा.
मूल्य अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था.
बॅनर आठ फूट, भिंत साडेसहा,
म्हणून 'राष्ट्रीय' नेहमी दुमडलेलं राहतं
खिडकीच्या कोनात.

सभासद एकोणीस. हजर पाच.
सहावा पुनो, चहा आणणारा,
कप गोळा करताना हमखास विचारतो,
"आज किती वाचवले?"

बाबा रे, मी म्हणतो,
खर्च छाटायला कात्री पुरते, संस्था कशाला?
आम्ही वस्तूला तिची किंमत विचारत नाही,
तिचं काम विचारतो.
उत्तर द्यायचं दोनच शब्दांत.
दिल्लीहून आलेल्या पुस्तिकेत क्रियापद आधी असतं, मग नाम.
मराठीत ते शेवटी येतं,
सगळे बसल्यावर येणाऱ्या यजमानासारखं.
तिसरा शब्द घुसला की समजावं,
कोणीतरी काहीतरी विकतोय.

छत्री: पाणी वळवणे.
कुंपण: हद्द दाखवणे.
वेर्ण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी औषधाच्या बाटल्यांची बुचं केली: हवा रोखणे.
निरोपाच्या दिवशी माझ्यावर सात जण बोलले.
क्रियापद एकालाही सापडलं नाही.

ऑक्टोबरात दुर्भाटचे लोक आले, फाईल घेऊन.
खाजनाच्या मानशीचं दार कुजलं होतं.
प्रस्ताव जोडलेला: पोलादी झडप, मोटर,
सौर पॅनेल, पहारेकऱ्याची खोली,
खोलीला संडास.
आकडा आला तेव्हा अध्यक्ष केंकऱ्यांनी चष्मा काढला
आणि पुसून पुन्हा घातला. आकडा तोच होता.

आम्ही पाचही गेलो,
बांधावरून एकामागे एक, बूट हातात.
साबिनो मास्कारेन्हस, वास्कोच्या गोदीत जन्म काढलेले,
दाराला टिचक्या मारत राहिले डॉक्टरसारखे.
आश्लेषा, सगळ्यांत लहान, गुडघाभर चिखलात उतरली
आणि तिथूनच विचारलं पुस्तिकेतलं पहिलं वाक्य:
हे दार काय करतं?

मानशेकार कुष्टा विडी विझवून म्हणाला,
"दार कांयच करिना, बाये. सगळें न्हंयच करता."

खरंच. भरती चढते, तीच ढकलून दार मिटते.
ओहोटी लागते, आतलं पाणीच ते उघडून
झुवारीत जातं.
मत्तीच्या फळ्या, चिऱ्याची चौकट.
फटीतून थोडं खारं झिरपतं,
तेवढं कोरगुट सोसतो, कोळंब्यांना तर हवंच असतं.
वीज: शून्य युनिट. पहारेकरी: चंद्र.

आश्लेषानं लिहिलं: खार रोखणे.
मग रोखणेवर काट मारली.
मग बराच वेळ पेन तसंच धरून उभी राहिली.

आमचा अहवाल दीड पानांचा झाला:
डाव्या पाखाच्या दोन फळ्या बदला. बाकी हात लावू नका.
खात्याचं उत्तर आलं: अहवाल पोचला.
फळ्या साबिनोंनीच तासून बसवल्या, नाताळच्या आधी,
आणि मजुरीत एक शहाळं घेतलं.

त्या दिवशी आम्ही कुष्टाला म्हटलं, सभासद हो.
राष्ट्रीय संस्था आहे, ओळखपत्र मिळतं.
तो आमच्याकडे एकेक करून पाहत राहिला,
जसा आम्ही त्याचं दार पाहिलं होतं.
"आनी तुमी कितें करतात?"

केंकरे म्हणाले, बचत... आणि थांबले.
साबिनो हसले, खाली पाहून.
मला 'प्रसार करणे' सुचलं, पण मान वर करून
ते म्हणण्याची हिंमत झाली नाही.
पाठीमागे पाणी चढत होतं.

वार्षिक तक्ता आलाय दिल्लीहून.
रकाना चार: झालेली बचत, लाखांत.
रकाना सात: शाखेचं कार्य, थोडक्यात.
दोन्ही कोरे आहेत अजून.

वर्गणी मात्र कुष्टानं भरली.
दहा-दहाच्या नोटा, ओलसर, सुंगटांच्या वासाच्या.
खजिनदार म्हणाले, दोन दिवस उन्हात ठेवू,
मग बँकेत.