चार स्क्रू

उभी गाडी करंट खाते,
हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड.
चालत नाही, वाजत नाही, किल्ली घरात खुंटीला,
मग खातंय कोण?

झांबरे मॅडमना पटलं.
तीस वर्षं तासगावात गणित शिकवलेलं.
"युनूस, वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या.
बॅटरीवाला म्हणतो डायनॅमो बघा,
डायनॅमोवाला म्हणतो बॅटरी बघा,
आणि शेजारचे म्हणतात, बाईमाणसाला गाडी ठेवता येत नाही."
शेवटचं त्यांनी हसून सांगितलं.
मी हसलो नाही.

निगेटिव्ह काढला. मधे मीटर घातला,
लाल वायर दहा अँपियरच्या भोकात.
दार उघडंच, पण कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरनं बसवली,
म्हणजे गाडीला वाटतं, दार लागलं.
आता हात लावायचा नाही.
गाडीला झोप लागायला वेळ लागतो,
रात्रपाळीहून आलेल्या माणसासारखा.
आधी एक रिले टक् करतो,
मग बराच वेळ काही नाही,
मग कुठंतरी आत दुसरा.

वीस मिनिटं.
मॅडम बाकड्यावर, पर्स मांडीवर.
विटा नाक्यावरून बेदाण्याचे ट्रक.
पोऱ्यानं चहा आणून ठेवला.

आकडा उतरत उतरत आला नि थांबला:
शून्य पॉइंट बेचाळीस.
थांबायला हवा होता शून्य तीनवर.
"बॅटरी कितीची?"
"पस्तीसची."
वही नाही, पेन नाही, पत्र्याकडे बघत म्हणाल्या,
"त्र्याऐंशी तास.
सोमवारी सकाळी भाजी आणून लावली
की गुरुवारी रात्री आठला संपते."
आणि मग, जरा थांबून,
"शुक्रवारी ती कधी चालू झालीच नाही."

फ्यूज काढायला घेतले.
हॉर्न. तसाच.
वायपर. तसाच.
पंखा, काचा, मागचा हीटर, तसाच, तसाच.
सातवा, रूम लॅम्पचा, चिमट्यात धरून उपटला
आणि आकडा पडला,
दोर सुटून बादली विहिरीत जावी तसा.
शून्य दोन.

छताचा दिवा बंद. डिकीचा बंद.
मागं बघायच्या कॅमेऱ्याची स्क्रीन काळी,
पण तिच्या पाठीला बोट लावलं
तर कोमट.

डॅशबोर्डाखाली पाठीवर निजलो, टॉर्च दातात.
स्क्रीनची बारीक वायर
खाली रूम लॅम्पच्या वायरीला सोलून जोडलेली.
ती वायर बारा महिने जिवंत असते.
किल्लीच्या वायरीला जोडायला पाहिजे होती.
तिथवर पोचायला चार स्क्रू काढावे लागतात.

वर काळी टेप. उलगडली.
आतला पीळ उलटा.
सगळे वायरमन पीळ उजवीकडं मारतात.
याच्यावरून उस्तादानं माझ्या मनगटावर पक्कड हाणली होती,
"पीळ उलटा, नट उलटा, डोकं पण उलटं का रे?"

तीन वर्षं झाली. रोजा सोडायला दहा मिनिटं उरलेली.
चार स्क्रू वाचवले.
दोन बॅटऱ्या, नऊ हजार,
आणि शेजारचे.

किती वेळ तसाच पडून होतो कोण जाणे.
तोंडावर ब्रेकचं पेडल, दातांतून लाळ गळायला लागलेली.
अशा वेळी बरंच काही सुचतं:
उंदीर असेल. कंपनीचा फॉल्ट असेल.
बाहेर कुणाकडून बसवून घेतलं होतं का, मॅडम?
हे शेवटचं जिभेवर आलेलं.
टॉर्च दातात होती, म्हणून आत राहिलं.

बाहेर आलो. तोडलेला तुकडा हातात.
मॅडमनी तो मागून घेतला,
चष्मा कपाळावर चढवून पीळ बघितला,
मग पक्कड कुठल्या हातात आहे ते बघितलं.

"तुम्ही डावरे ना, युनूस?"

"हो."

त्यांनी तुकडा पर्समध्ये ठेवला,
चेन लावली.
"चहा गार झाला तुमचा."

मी परत आत गेलो.
तीन स्क्रू लगेच निघाले.
चौथा गंजला होता.
त्याला वेळ लागला.